बाइंडरकाकांची छत्तीस अंडी

बाइंडरकाकांनी आयुष्यातलं पहिलं अंडं सोललं ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही दवाखान्याच्या सांगण्यावरून. त्याआधी अंडं त्यांच्यापुढे यायचं ते सोलून, वर मीठ-मिरपूड भुरभुरून. लहानपणी आईने दिलं, पुढे खानावळीने दिलं. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तिसऱ्या कुणी द्यायचा प्रश्नच आला नाही.

हात मात्र त्यांचे सोन्याचे. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. राहत्या घराखालीच त्यांची खोली होती. तिथे एक लांब टेबल, लोखंडी दाबयंत्र आणि खळीचं भांडं. पानं सुटलेलं, पाठ निखळलेलं पुस्तक तिथे यायचं आणि पंधरा दिवसांनी ताठ मानेने बाहेर पडायचं. शाळा, वाचनालयं, वकिलांची ऑफिसं, सगळीकडून काम यायचं. गल्लीत त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ते पुठ्ठ्याला खळ लावत होते आणि ब्रश हातातून गळून पडला. उचलला, तर पुन्हा पडला. हाताला मुंग्या आल्या असतील म्हणून ते हात झटकत बसले. समोरच्या इस्त्रीवाल्याने सहज मान वर करून पाहिलं, तर काकांचं तोंड एका बाजूला ओढलेलं. तो तसाच धावत आला, रस्त्यातली गाडी आडवा जाऊन थांबवली आणि काकांना घेऊन थेट हॉस्पिटलात गेला. डॉक्टर नंतर म्हणाले की तासभर उशीर झाला असता तर हातपाय सोडाच, बोलणंही गेलं असतं. त्या गडबडीत इस्त्रीवाल्याच्या टेबलावर कुणाचा तरी शर्ट जळाला. त्याने गिऱ्हाइकाला काय सांगून मिटवलं, ते काकांना आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की तो विषय बदलतो.

तार मिळाल्यासारखी ताई दुसऱ्याच दिवशी हजर झाली. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं काढलेली, त्यामुळे तिचा आवाज स्वच्छ आणि हुकमी होता. मुलगा-सून लांब, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आठ दिवसांचे कपडे घेऊन आली आणि राहिली. एकसष्ट वर्षांच्या भावाला ती अजून "छोट्या" म्हणायची, नर्सेससमोरसुद्धा.

पाय हळूहळू सुधारला. काठी घेऊन काका चालायला लागले. उजवा हात मात्र हट्टाला पेटलेल्या पोरासारखा बसून राहिला. बोटं मिटायची, पण हुकमाने उघडायची नाहीत. आठवड्यातून तीनदा ताई त्यांना व्यायामाच्या केंद्रात न्यायची. तिथल्या मॅडम तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, पण नजरेतून काही न सुटणाऱ्या. त्यांनी काकांना मऊ गोळा मळायला दिला, कपड्यांचे चिमटे लावायला दिले, मणी ओवायला दिले. काका दोन महिने निमूटपणे करत राहिले आणि एक दिवस त्यांनी मण्यांची वाटी डाव्या हाताने ढकलून दिली. ते म्हणाले, की बालवाडीत बसायचं माझं वय उरलेलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. खाली बसून त्यांनी मणी गोळा केले आणि ताईला विचारलं की सकाळी घरी काय काय होतं. ताईने सांगितलं की चहा, औषधं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं एक उकडलेलं अंडं. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून ते अंडं काका सोलतील. उजव्या हातानं. डाव्यानं फक्त धरायचं."

पहिल्या अंड्याचा पार चुरा झाला. टरफल आत रुतलं, बलक बोटांना चिकटला, टेबलावर रांगोळी झाली. काका उठून जायला निघाले. ताईने तो चुरा आपल्या बशीत ओढून घेतला, टरफलाचे तुकडे वेचून काढले आणि तिने आधीच सोलून ठेवलेलं अख्खं अंडं त्यांच्यापुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. रोज मोडलेलं तिला आणि अख्खं त्यांना.

पण अंड्याने काकांना विचारात पाडलं. मणी आणि चिमटे त्यांना कधी काही शिकवून गेले नव्हते. अंड्याला मात्र कागदासारखी जात होती. टरफलाखाली एक पातळ पापुद्रा असतो, तो नखाखाली आला की टरफल आपोआप सुटतं आणि नाही आला की सगळं फाटतं. जुन्या पुस्तकाचा चिकटलेला अस्तरकागद ते असाच सोडवत. आधी योग्य कोपरा शोधायचा, मग घाई न करता उचलत जायचं. अंड्याचा तो कोपरा जाड टोकाला असतो, तिथे आत हवेची पोकळी असते, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. ताजं अंडं सोलायला त्रास देतं आणि आठवडाभर ठेवलेलं मऊपणे वागतं, हेही. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी अंडं अख्खं निघालं. ना खड्डा, ना ओरखडा. काका त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसले. ताईने आधी मॅडमना फोन केला, मग मुलाला, मग खाली जाऊन इस्त्रीवाल्याला सांगून आली. तोवर अंडं गार होऊन गेलं होतं.

तरी रोज जमायचंच असं नाही. दोन दिवस जमलं की तिसऱ्या दिवशी मोडायचं, आणि मोडलेलं ताईच्या बशीत जायचं.

डिसेंबरात केंद्रात सूचना लागली, की नाताळची पार्टी आहे, चार वाजता, प्रत्येकाने काहीतरी खायला आणायचं, जमल्यास स्वतःच्या हाताने केलेलं. ताई म्हणाली की बिस्किटांचा पुडा घेऊन जाऊ. काका म्हणाले, अंडी.

त्यांच्या डोक्यात एक चित्र होतं. वाचनालयासाठी ते दरवर्षी बायकांच्या एका मासिकाचे बारा अंक एकत्र बांधत. बांधणारा माणूस वाचत नाही, पानं नुसती डोळ्यांखालून जातात. त्यातल्या डिसेंबरच्या एका अंकात उकडलेल्या अंड्यांची बर्फाची माणसं उभी होती. खाली मोठं अंडं, वर लहान, डोक्यावर गाजराची टोपी. कृती काय दिली होती देव जाणे, पण चित्र लख्ख आठवत होतं.

अंडी पार्टीच्या आठ दिवस आधी आणली, म्हणजे सोलायला सोपी. धडासाठी मोठी आणि डोक्यासाठी लहान अशी ताई एकेक उचलून, उजेडाकडे धरून निवडत होती. दुकानदार वैतागून म्हणाला की बाई, अंडी घेताय की सून पाहताय. ताईने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही आणि छत्तीस अंडी मोजून घेतली.

पार्टीच्या दिवशी सकाळी नऊलाच पातेलं चढलं. काका टेबलाशी बसले. समोर थंड पाण्याचं भांडं, शेजारी कोरडं फडकं, चाळीस वर्षं जसं मांडून बसत तसंच. ताईने गाजराच्या चकत्या केल्या, कांद्याच्या पातीच्या लांब पट्ट्या काढल्या, मिरीचे दाणे निवडले. पहिली दहा अंडी सुरेख निघाली. अकरावं जरा खरवडलं. अठराव्यानंतर हात थरथरायला लागला. एकोणिसावं मधोमध फुटलं, विसावंही. काकांचं तोंड उतरलं. एकामागून एक सात मोडली तेव्हा त्यांनी रोजच्या सवयीने ती बशी ताईकडे सरकवली आणि म्हणाले, "घे, खाऊन टाक."

ताई म्हणाली, "आज नको रे."

"का?"

"नको वाटतंय." आणि मग, गाजर चिरता चिरता, मान वर न करता, "मला अंडं कधी आवडलंच नाही, छोट्या. लहानपणापासून. वासच सहन होत नाही."

काका तिच्याकडे पाहतच राहिले. लहानपणी आई त्यांच्या ताटात दोन अंडी वाढायची आणि ताईच्या ताटात एकही नाही. ते आपले लाड आहेत, असं ते आजवर धरून चालले होते. पाच महिने ही बाई समोर बसून मोडलेलं प्रत्येक अंडं गिळत होती.

"मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"बोलले असते तर तू ते टाकून दिलं असतंस. चार दिवस टाकलं असतंस आणि पाचव्या दिवशी सोलायला बसलाच नसतास. मी ओळखते तुला."

 ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, चष्मा पुसला, परत येऊन बसले. मग त्यांनी ती सात अंडी एका भांड्यात घेतली आणि डाव्या हाताने काट्याने मळायला लागले. लोणी घातलं, लिंबू पिळलं, मीठ-मिरपूड घातली. उजवा हात तोवर मांडीवर विसावा घेत होता. तासाभराने पुन्हा सोलायला लागले आणि उरलेली हळूहळू, एकही न मोडता, सोलून संपवली.

दुपारी दोनपर्यंत आठ बर्फाची माणसं उभी राहिली. उभी म्हणजे तशी. बूड सपाट कापलं होतं, धड आणि डोकं काडीने जोडलं होतं, तरी एकही सरळ नव्हतं. एकाची टोपी कपाळावर आलेली, एकाचं गाजराचं नाक लांबलचक, एकाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. गळ्यात पातीचे मफलर. बाकीच्या अंड्यांचे अर्धे भाग करून, त्यांचा बलकही भांड्यातल्या मिश्रणात कालवून, ते सगळं पुन्हा खळग्यांत भरलं होतं. वर कोथिंबिरीचं हिरवं कडं आणि त्यात लाल सिमला मिरचीचे ठिपके. ते ठिपके काकांनी चिमट्याने एकेक करून लावले. कपड्यांच्या नव्हे, बांधणीच्या खोलीतल्या बारीक चिमट्याने, उजव्या हाताने.

टॅक्सीत ताट ताईच्या मांडीवर होतं. वळणावर एकाचं डोकं गळून पडलं, ते काकांनी उचलून पुन्हा बसवलं. ड्रायव्हर आरशातून पाहून म्हणाला की आमच्याकडेही काही जणांना असं डोकं बसवून मिळालं तर बरं होईल. मग मात्र त्याने गाडी अगदी हळू चालवली.

केंद्राच्या हॉलमध्ये व्यायामाच्या दांड्यांना चमकीच्या माळा गुंडाळल्या होत्या. ताट मध्ये ठेवलं तशी माणसं भोवती जमली. एक निवृत्त बसचालक, ज्यांचा डावा पाय अजून ओढला जायचा, ते म्हणाले की हा तिसरा अगदी माझ्यासारखा उभा आहे, आणि त्यांनी नेमका तोच उचलला. मॅडमनी एक अर्धं अंडं हातात घेतलं, पण खाल्लं नाही. त्या ठिपक्यांकडे पाहत होत्या.

"हे कशानं लावलेत?"

"चिमट्यानं."

"कुठल्या हातानं?"

काकांनी उजवा हात वर केला. मॅडमनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला, बोटं एकेक करून उघडून पाहिली, जशा त्या नेहमी पाहत. पण आज जरा जास्त वेळ.

काकांनी त्यांच्यासाठी दोन वाक्यं पाठ केली होती. आभाराची, नीट, व्याकरणशुद्ध. ती ऐन वेळी पसार झाली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की काकांनी दोन शब्द बोलावेत. काका काठी टेकून उभे राहिले. बोलणं अजून सावकाश होतं, म्हणून सगळे थांबले.

ते म्हणाले, "मॅडमनी मला अंडं दिलं म्हणून मी आज उभा आहे. आणि एप्रिलपासून ही माझी बहीण माझ्याकडे आहे. तिला अंडं आवडत नाही. गेल्या पाच महिन्यांत मी जेवढी मोडली, ती सगळी तिनं खाल्ली. मला आज सकाळी कळलं." थोडं थांबून ते म्हणाले, "एवढंच."

लोक हसले, मग हसणं हळूहळू विरलं आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ताईचा चेहरा लालबुंद झाला. तिने पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या मिनिटाला टेलिफोनवाल्या आवाजात विचारलं की ताट रिकामं झालं असेल तर कुणी धुऊन देईल का.

परतताना अजून उजेड होता. काकांनी टॅक्सी बेकरीपाशी थांबवायला सांगितली. काचेपलीकडे खूप काही मांडलेलं होतं आणि त्यातलं बहिणीसाठी काय घ्यावं, हे त्यांना कळेना. आठ महिने एका घरात राहून ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"ताई, तुला काय आवडतं गं?"

ताईलाही पटकन सांगता येईना. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नसावं. ती काचेला नाक लावून पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तो लिंबाचा केक."

"त्यात अंडं असतं की."

"असू दे. दिसत नाही ना," ताई म्हणाली. "आणि मोठा घे. समोरच्या इस्त्रीवाल्यालाही द्यायचाय."