तारघरातला दाढीवाला

ऑरिन टिबेट्सने एकशे चाळीस चित्रपटांत काम केलं होतं. पण हॉलिवूडमधल्या त्या आठ बिऱ्हाडांच्या आवारात त्याची ख्याती काय, तर नळ गळला तरी बोंब न मारणारा भाडेकरू! न्यायाधीश, वेटर, पाद्री, हॉटेलातला कारकून. नायकाला दार उघडून द्यायचं, नाहीतर वाईट बातमी द्यायची, आणि गुमान बाजूला व्हायचं. जन्मभर हाच धंदा. घरमालकीण कोनिगबाई तर तोंडावर म्हणायच्या, "टिबेट्स, तुमच्यापेक्षा आपल्या दूधवाल्याला जास्त लोक ओळखतात. तो निदान रोज दिसतो तरी!"

टिबेट्स हसायचा. वेळेवर हसणं हेही त्याच्या धंद्यातलंच.

पण एक प्रसंग होता त्याच्या नावावर. बावीस वर्षांपूर्वीचा, चार मिनिटांचा. तारघरातला म्हातारा कारकून. एका बाईला तार येते. तिला वाचता येत नाही. तारेत लिहिलेलं असतं, मुलगा खाणीत दबून मेलाय. कारकून तार मनात वाचतो, थांबतो, आणि मग मोठ्याने भलतंच वाचून दाखवतो: आई, मी मजेत आहे, थंडीसाठी कोट घेतलाय. बस्स, एवढंच. त्यासाठी टिबेट्स आठ दिवस खऱ्या तारघराच्या बाकावर बसून राहिला होता, कागद उलटायला कारकून अंगठा कसा ओला करतात ते बघत. दाढी लावली, पाठ वाकवली, आवाजसुद्धा परका काढला. स्टुडिओत वरच्या फळीवर बसणारे दिवेवाले म्हणजे महानिगरगट्ट जात, समोर राणी मेली तरी हातातलं सँडविच खाली ठेवायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी टोप्या काढल्या. त्या टोप्यांवर टिबेट्सने बावीस वर्षं काढली.

आणि छप्पन साली एका सकाळी पेपरात छापून आलं की तो चित्रपट रविवारी दुपारी दोनला टीव्हीवर आहे. टिबेट्स बाकीच्या सातही दारांवर गेला. "मी आहे त्यात. शोधा बरं का मला!" कोणतं काम ते मात्र सांगेना. नटाची खोड! लोकांनी आधी ओळखू नये आणि मग तोंडात बोट घालावं, एवढीच त्याची इच्छा. ती नडली.

आवारात टीव्ही एकच, कोनिगबाईंचा. रविवारी पडदे ओढून सगळे जमले. टिबेट्स इस्त्रीचा कोट घालून पुढच्या खुर्चीत. तेवढ्यात पाच नंबरचा डेल प्रुइट मोहरीची चटणी घालून भरलेल्या उकडलेल्या अंड्यांची ताटली घेऊन आला. प्रुइट त्याच टीव्ही केंद्रात कामाला. जाहिरातींना जागा करण्यासाठी जुने चित्रपट कापून दीड तासात बसवायचे, हे त्याचं काम.

"अहो टिबेट्स, तुमच्यापायी घाम फुटला मला!" प्रुइट बसता बसता म्हणाला. "बावीस मिनिटं कापायची होती. म्हटलं, आपला शेजारी आहे यात, त्याला कात्री लागता कामा नये. फिल्मचा फूट न् फूट शोधला, तुम्ही काही सापडेना! म्हटलं, गर्दीत असणार. तेव्हा गर्दी सगळी ठेवली. जत्रा, बाजार, एक डोकं कापलं नाही."

"मग कापलंस काय?" कोनिगबाईंनी विचारलं.

"थोडं इकडून, थोडं तिकडून. आणि तारघरात एक दाढीवाला म्हातारा होता, त्याचा अख्खा तुकडा उडवला. तिथेच चार मिनिटं सुटली!"

टिबेट्सच्या हातातलं अंडं हातातच राहिलं.

"वाईट होता का तो?" त्याने विचारलं.

"छे हो, चांगला होता. मी दोनदा बघितला. पण गोष्ट त्याच्यावाचून अडत नव्हती."

"गप्प बसा रे, लागला!" कोनिगबाई ओरडल्या.

चित्रपट सुरू झाला. प्रत्येक टोपीखाली लोक टिबेट्सला शोधू लागले. "हा का? नाही? मग तो?" बाई पडद्यावर तारघरात शिरली आणि लगेच साबणाची जाहिरात लागली. जाहिरात संपली तेव्हा बाई घरी पोचली होती.

"अहो, आहात कुठे?" कोनिगबाई खवळल्या. "का उगाच बोलावलंत आम्हाला?"

सगळ्यांनी माना वळवल्या. शेजाऱ्यालाच कात्री लागली की काय, म्हणून प्रुइटचा चेहरा तर पडलाच होता. जत्रा लागली. एक जाडा माणूस टोपी उडून, पाय वर करून घोड्यांच्या पाण्याच्या हौदात पडला.

"तो," टिबेट्स म्हणाला. "तो मी."

खोली हसून कोसळली. "वाटलंच मला!" कोनिगबाईंनी मांडीवर थाप मारली. "चालीवरूनच ओळखलं मी!" त्यांनी टिबेट्सच्या दंडात गुद्दा हाणला; इतक्या प्रेमाने आजवर कधी हाणला नव्हता. प्रुइट तर नाचायचा बाकी राहिला. "बघा! हाच तुकडा कापायला घेतला होता मी. तुमच्यासाठी वाचवला!"

"उपकार झाले," टिबेट्स म्हणाला.

तो पडणारा होता फीनी. रोजंदारीवर पडायचा, पडून पडून कंबर गेली आणि नऊ वर्षांपूर्वी माणूसही गेला. टिबेट्स त्याच्या अंत्यविधीला गेला होता. हजर चौघे, त्यात पाद्री धरलेला.

तेव्हापासून आवारात टिबेट्सला मान आला. आल्यागेल्याला कोनिगबाई सांगत, "हे आमचे टिबेट्स, हौदात पडलेले!" चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाला तर आग्रहच झाला. एकदा पडून दाखवाच! अडुसष्ट वर्षांचा माणूस कोटटायसकट हिरवळीवर पाय वर करून पडला. टाळ्या.

"अगदी तस्सं!" प्रुइट ओरडला.

टिबेट्स गुडघ्यांवरचं गवत झटकत उठला. "नाही," तो म्हणाला. "फीनी याहून चांगलं पडायचा."

"कोण फीनी?" कोनिगबाईंनी विचारलं, आणि बटाट्यांचं भांडं घेऊन पुढच्या पंगतीकडे वळल्या.