उघडे डोळे

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटतात. गेल्या रविवारी मी मिटले नाहीत. पुढच्या बाकावर लीलाबाई लकवा झालेल्या नवऱ्याची लाळ पदराने पुसत होत्या. त्यांचेही डोळे उघडेच होते.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी हटकलं, "काय मास्तर, देवाशी बोलताना इकडेतिकडे बघता?"

"बघतो, साहेब."

गेल्याच महिन्यात अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बाबांनी पाणी मागितलं, तेव्हा घरात संध्याकाळची प्रार्थना चालू होती. डोळे न उघडताच मी म्हणालो, "आमेन होऊ द्या, बाबा." आमेन झालं तेव्हा बाबा गेले होते.

न दिसणाऱ्या देवासाठी मी डोळे मिटून बसलो होतो, आणि तो खाटेवरून पाणी मागत होता. पाळकसाहेब, पुढच्या रविवारीही खुशाल हटका. मी डोळे मिटणार नाही.