मझार कोनी नको

देव आणि भक्त, गिऱ्हाईक आणि दुकानदार, ताट आणि तोंड यांच्या मध्ये जो कोणी उभा असेल तो चोरच असणार, असं अगदी मनापासून मानणारा एकच माणूस मी या जन्मात पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. आमच्या अहिराणीत 'मझार' म्हणजे मध्ये. "मझार कोनी नको!" हे साडूंचं ब्रीदवाक्य. सकाळच्या चहापासून मरणाच्या गप्पांपर्यंत ते कुठेही लागू पडतं. साडूंचं नाव मात्र मी इथे देणार नाही. छापील कागदावर नाव आलं की कंपन्या माग काढत घरापर्यंत येतात अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि या वयात त्यांच्याशी वाद घालण्याइतकी माझी छाती मजबूत नाही.

हॉटेलात गेले की ते वेटरला हात करून बाजूला सारत आणि थेट भटारखान्यात शिरून आचाऱ्याला ऑर्डर देत. भाजीत मीठ कमी पडलं तर पुन्हा आत जाऊन त्यालाच सांगत. एसटीत बसले की तिकिटाचे पैसे ड्रायव्हरपुढे धरत. "गाडी तुम्ही चालवता, मग पैसे त्याला का देऊ?" असं एकदा ते जळगावहून निघालेल्या गाडीत कंडक्टरच्या देखत म्हणाले. साडूंना उतरायचं होतं ते एरंडोल आल्यावर कंडक्टरनं घंटीच दिली नाही, आणि साडू पारोळ्याला उतरून उलट्या गाडीनं परत आले. लग्नाच्या वेळी तर कमालच केली. मध्यस्थ नाही, पत्रिका नाही, बरोबर वडीलधारा नाही. हा माणूस एकटाच पिंपळनेरला आमच्या सासऱ्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मुलगी पाहायला आलो आहे. तुम्ही थोडं आत जाता का? मला तिच्याशीच बोलायचंय." सासरे इतके गोंधळले की खरोखरच आत गेले. आणि या गृहस्थानं पोटासाठी आयुष्यभर काय केलं, तर विम्याची एजंटगिरी! मी एकदा हे बोलून दाखवलं, तर जराही न ओशाळता म्हणाले, "म्हणीसन तं माले म्हाईत शे ना, मझारना माणूस काय करस ते!"

साडूंची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. सगळे त्यांना अक्का म्हणतात. साडू दिवसभर जेवढं बोलतात तेवढं अक्का वर्षभरात बोलत नसतील. पण खान्देशी काळा मसाला करावा तो त्यांनीच. खोबरं, कांदा, तीळ असं सगळं त्या इतकं खमंग भाजतात की शेजारचे लोक आपल्या घरच्या वरणाला नावं ठेवतात. साडू एजंटगिरीतून मोकळे झाले आणि त्यांनी हा मसाला वेबसाइटवरून परदेशातल्या खान्देशी मंडळींना विकायला काढला. धंदा बरा चालला. अक्कांची एकच तक्रार होती. मसाला कांडायला त्यांना असोद्याला जावं लागे, रांगेत बसावं लागे, आणि आधीच्या बाईच्या मसाल्याचा वास आपल्या मसाल्याला लागे. आपली स्वतःची कांडपाची मशीन असावी एवढंच त्यांचं मागणं होतं. लग्नापासून आजवर त्यांनी नवऱ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच वस्तू. साडूंनी "घिऊत!" असा शब्दही दिला होता.

इतक्यात परदेशातल्या एका बाईनं मसाला मागवला. डबा उघडला, आत काळी पूड पाहिली आणि माल जळालेला आला अशी तक्रार तिनं आपल्या क्रेडिट कार्डाच्या कंपनीकडे ठोकली. कंपनीनं साडूंना न विचारता तिचे पैसे परत केले, वर साडूंकडून दंडही कापून घेतला, आणि माल काळाच असायला हवा होता याचा पुरावा द्यावा असं इंग्रजीत कळवलं. साडूंनी पुरावा म्हणून अक्कांचा कढईत खोबरं भाजतानाचा फोटो पाठवला. कंपनीचं उत्तर आलं, की फोटोतही माल जळताना स्पष्ट दिसतो आहे. साडूंनी फोन लावला. तिकडून एक गोड बाई आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं सांगत राहिली आणि मध्ये मध्ये सनई वाजवत राहिली. त्या दिवशी साडू जेवले नाहीत. अक्का मात्र जेवल्या, कारण दुसऱ्या दिवशी मिरच्या निवडायच्या होत्या.

त्यानंतर साडूंना क्रिप्टोचा साक्षात्कार झाला. ही बातमी द्यायला ते मुद्दाम जळगावहून धुळ्याला माझ्याकडे आले. फोनवरून सांगितलं असतं तर मध्ये फोनची कंपनी आली असती. "देणारा देस, घेणारा घेस. बँक नही, कार्ड नही, मझार कोनीच नही!" त्यांचे डोळे चमकत होते. मी विचारलं, "मग हिशेब कोण ठेवतो?" म्हणाले, "बठ्ठा जग!" बठ्ठा म्हणजे सगळं. मी कोर्टात कारकुनी केलेला माणूस. मला पुढचा प्रश्न सुचायचाच. "आणि भाऊ, काही चुकलं तर तक्रार कोणाकडे करायची?" साडूंनी विजयी मुद्रेनं मांडीवर थाप मारली. "कोनाकडे करशी? मझार कोनी शेच नही ना!" हा फायदा आहे की तोटा, हे मला तेव्हा नीट कळलं नाही, पण चहा गार होत होता म्हणून मी विषय वाढवला नाही.

साडूंनी वेबसाइटवर पाटी लावली: 'कार्ड चालणार नाही. क्रिप्टो असेल तरच मसाला.' निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक त्याच दिवशी पळालं. उरले ते आपल्याच भागातून परदेशी गेलेले चार-दोन इंजिनियर, ज्यांना मसाल्यापेक्षा ती पाटी जास्त आवडली असावी. त्यातही गंमत अशी, की सकाळी अर्ध्या किलोचे म्हणून आलेले पैसे दुपारपर्यंत भाव घसरून पाव किलोचे होऊन बसत. पुडी बांधता बांधता अक्का शांतपणे विचारत, "मंग पाव किलोच धाडू का?" साडू म्हणत, "धीर धर. चढी." आणि खरोखर एक दिवस भाव असा चढला, की अक्कांची मशीन आणि वर तिच्या फिटिंगचा खर्च निघेल एवढी रक्कम मोबाईलमधल्या त्या पाकिटात जमली. त्यात साडूंची अक्कल किती आणि नशीब किती, हे मी सांगत बसत नाही. "आते काढा," अक्का म्हणाल्या. "आजून चढी," साडू म्हणाले.

या पाकिटाला किल्ली असते ती बारा इंग्रजी शब्दांची. पाकीट पहिल्यांदा उघडतानाच मोबाईल ते शब्द दाखवतो आणि बजावतो, की हे ज्याला कळले तो सगळं घेऊन जाईल आणि तुम्ही विसरलात तर ब्रह्मदेवही ते उघडू शकणार नाही. साडूंना स्वतःचा स्वभाव पक्का ठाऊक. "मन्हा पोटमा काही र्‍हात नही," म्हणाले, आणि डोळे घट्ट मिटून बसले. अक्का दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी एकेक शब्द लावून वाचला, चिठ्ठीवर उतरवला आणि पाठ केला. मग साडूंनी डोळे मिटूनच ती चिठ्ठी गॅसवर जाळली. त्यात भुवयांचे केस थोडे गेले. सबंध जगाला मधून हाकलून लावणाऱ्या या माणसानं आपल्या आणि आपल्या पैशांच्या मध्ये बायकोला बसवलं होतं, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग आमच्या पुतणीचं धुळ्यात लग्न निघालं. मंगल कार्यालयात जेवणं व्हायच्या आधी थोरल्या बायकांनी उखाणे घ्यायचे असं ठरलं आणि कोणीतरी माईक अक्कांच्या हातात दिला. अक्का लाजल्या, पदर सावरला आणि सुरू झाल्या:

"मँगोला लॅडर, टायगरला अंब्रेला,
विंडोत रेडिओ लावून कोण बसला?
किचनमध्ये ओनियन, हातामध्ये लेमन,
कझिन विचारी, जेवायला कोण कोण?
बाकी सारे झीरो, अमुकराव माझे हीरो!"

'मँगो'ला साडू सगळ्यांबरोबर हसले. 'टायगर'ला त्यांचं हसू थांबलं. 'किचन'पाशी ते उभे राहिले आणि 'झीरो'ला त्यांच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला, पण तोवर 'हीरो' होऊन टाळ्या पडल्या होत्या. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा वळवून साडूंचा चेहरा टिपला. शब्द पाठ राहावेत म्हणून अक्कांनी त्यांचा उखाणा बांधला होता. रोज मनात तोच घोळवल्यामुळे ऐन वेळी दुसरा आठवेना. साडू मला ओढत हात धुवायच्या जागेपाशी घेऊन गेले. "साडू, सगळ्या मांडवानं किल्ली ऐकली! रेकॉर्डिंग झालं!" मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाईल काढला आणि ते पाकीटच मोबाईलमधून पुसून टाकलं. "आते कोन काय चोरी? शेच नही!" असं म्हणून त्यांनी घाम पुसला आणि बासुंदी दोनदा घेतली.

दुपारी सगळे आमच्या घरी आले. साडू दिवाणावर बसले आणि त्यांनी मोबाईलवर पाकीट पुन्हा घेतलं. जुने पैसे दाखवायला त्यानं बारा शब्द मागितले. उखाणा तर आता सगळ्या धुळ्याला पाठ होता. त्यांनी मँगोपासून हीरोपर्यंत सगळे शब्द भरले. मोबाईल म्हणाला, शब्द चुकीचे आहेत. पुन्हा भरले. पुन्हा तेच. आधी त्यांना आनंद झाला, कारण याचा अर्थ मांडवातल्या कोणालाही काही चोरता येणार नव्हतं. मग त्यांना कळलं, की आपल्यालाही काही काढता येणार नाही, आणि चेहरा उतरला. आतून अक्कांचा आवाज आला, "शेवटला शबद मी बदली टाका. यमक जुये ना."

"मंग खरा शबद काय शे?"

"तो मी सांगाव नही."

साडूंनी आधी रागावून पाहिलं, मग समजावून पाहिलं. मशीनची आठवण दिली. आत अक्का भांडी लावत होत्या. "मशीन नही उनी तरी चाली," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजावरून मला कळलं की या बाईनं मशीन सोडली. साडू माझ्याकडे वळले. एवढा केविलवाणा चेहरा मी कोर्टातही पाहिला नव्हता. "साडू, कोनले तरी फोन लाव ना."

"कोणाला लावू भाऊ?"

"कोनलेबी! ती सनईवाली बाईबी चाली!"

अखेर मी माझ्या बायकोला मध्ये घातलं. ती आत गेली. अक्का तिच्या कानात काहीतरी कुजबुजल्या. बायको तोंडाला पदर लावून बाहेर आली, मला ओसरीवर घेऊन गेली आणि म्हणाली, "मीपण बोलणार नाही. तुम्ही ओळखा. तुमच्या कोर्टात नवरा-बायको वेगवेगळ्या बाकांवर कशासाठी बसायचे?"

"तारखेसाठी."

"अहो, शेवटी काय घ्यायला?"

"पोटगी?"

"त्याच्या आधीचं हो!"

"डिव्होर्स?" मी म्हणालो, आणि तिनं दोन्ही कान झाकून घेतले. मी दिवाणखान्यात जाऊन साडूंच्या कानात तो शब्द सांगितला. साडू दचकून म्हणाले, "कोना डिव्होर्स?"

त्यांनी शब्द भरला आणि पाकीट उघडलं. रक्कम जशीच्या तशी होती. साडू तिच्याकडे बघेचनात. मोबाईल दिवाणावर टाकून ते स्वयंपाकघराकडे गेले. दारात माझी बायको उभी होती. साडू तिच्यासमोर नुसते थांबले. ती समजली आणि बाजूला झाली.

"अवं, इंग्रजी शबद शे तो. काय व्हतं?" साडू हळू आवाजात म्हणाले.

अक्कांनी वळून पाहिलं नाही. "इंग्रजी शे तरी अर्थ समजस ना माले. तुम्हना नावपुढे तो शबद मन्हा तोंडमातून निंघाव नही."

साडूंनी धुतलेलं एक पातेलं उचललं आणि अक्कांच्या हातात दिलं. मला त्या क्षणी त्या दोघांविषयी फार माया वाटली, आणि माझ्या बायकोचे डोळे भरून आले होते हेही सांगितलं पाहिजे.

पैसे बाहेर काढताना मध्ये एक कंपनी आली. तिनं पॅनकार्ड मागितलं, कॅमेऱ्यापुढे मान डावीकडे उजवीकडे वळवायला लावली, आपला वाटा घेतला. मग सरकार आलं, बँक आली, मशीनचा डीलर आला. साडूंनी सगळ्यांपुढे मुकाट्यानं मान वळवली. आता कांडपाची मशीन त्यांच्या घरी मागच्या खोलीत धडधडते आणि शेजारच्या बायका रांगेत बसतात. वेबसाइटवर कार्डही पुन्हा चालू झालं आहे. मध्यंतरी आणखी कोणाचा तरी मसाला काळा निघाला, कंपनीचं पत्र आलं, तर साडू एवढंच म्हणाले, "ती सनईवालीनीबी नोकरी शे." भटारखान्यात शिरणारे, ड्रायव्हरला पैसे देणारे साडू हल्ली दिसत नाहीत. वेटर येईपर्यंत ते गप्प बसून राहतात. मला ते जुने साडू फार आठवतात.

परवा जळगावात पुन्हा एक लग्न झालं. माईक फिरत अक्कांकडे आला, आणि त्यांनी तोच उखाणा घेतला. ते पाकीट आता रिकामं आहे, त्या शब्दांनी काहीच उघडत नाही. साडू पुढच्या रांगेत बसून अक्कांबरोबर ओठ हलवत होते. शेवटच्या शब्दाला मात्र त्यांनी ओठ मिटले आणि खाली पाहिलं. शेजारी बसलेल्या पाहुण्यानं हसत विचारलं, "काय हो, वहिनींनी हे एवढं इंग्रजी कुठून आणलं?"

"शेवटला शबद तेवढा तिना शे," साडू म्हणाले. "बाकीना बठ्ठा मोबाईलना."