बोरकर काकांचा राजा

बोरकर काका आधी मिठी मारत आणि मग नाव विचारत. परदेशात नवीन असताना, अर्विंग गावातल्या देशी किराणा दुकानात त्यांनी मला पहिल्यांदा कवटाळलं तेव्हा हातातल्या पिशवीतले टोमॅटो चेपले. "नागपूरचा दिसतोस बे!" म्हणाले. मी पुण्याचा. "चालते, चालते," म्हणत त्यांनी पुन्हा कवटाळलं.

दोन हजार दोनच्या मंदीत काकांची नोकरी गेली. बाकीचे नोकऱ्या शोधत होते. काकांनी फ्रिस्को गावापलीकडे जमीन घेऊन लामा पाळले. लामा म्हणजे मेंढीची लोकर पांघरलेला उंटाचा चुलतभाऊ. "पिल्लं विकायची, लोकर विकायची. सिंपल आहे यार!" काकूंनी तेव्हाच बजावलं, "एकानं जरी कोणाला पाडलं, तर सगळे सेल करायचे आणि तुम्ही मुकाट्यानं जॉब बघायचा."

पहिलं पिल्लू झालं, नर. आईला दूध कमी, म्हणून बाटली आली. शेजारचा, गुरं पाळणारा रँचवाला हँक सांगून गेला, की दूध पाजा, पण लाड करू नका. फार माणसाळलेला नर मोठेपणी माणसालाच दुसरा नर समजून अंगावर येतो. काका हसले. "बिनदुधाचं लेकरू, अन् हात लावू नको म्हणते! माया नाही बे या गोऱ्या लोकांत." त्यांनी थाटात बारसं घातलं. आत्या म्हणून माझ्या बायकोनं पिल्लाच्या कानात 'राजा' असं नाव सांगून कुर्र केलं, आणि पिल्लाच्या आईनं तिच्या नव्या पैठणीवर थुंकून आहेर केला. आम्ही सगळ्यांनी राजाला मांडीवर घेऊन फोटो काढले.

दोनेक वर्षांत राजा काकांच्या डोक्यावरून बघू लागला. एका रविवारी काका सवयीनं मिठी मारायला गेले, तर त्यानं छातीची धडक देऊन त्यांना चिखलात लोळवलं. हँक फळी घेऊन धावला म्हणून बरं.

"लाडात आलाय गं तो!" काका चिखलातूनच म्हणाले.

"तुम्हीच आणलात," काकू म्हणाल्या. "उद्याच सेल करा."

काका जेवेनात. शेवटी हँकनंच तोड काढली: राजाला खच्ची करून कळपात सोडायचं, आणि काकांनी कुंपणाबाहेर, हात मागे बांधून उभं राहायचं. काकू कशाबशा कबूल झाल्या. काकांचे हात शिवशिवत, पण त्यांनी ते पाळलं. राजा राहिला. "जवळ ठेवायचा तर लांब उभं राहावं लागते बे," ते म्हणत.

दोन हजार आठमध्ये मी पुण्याला परतायचं ठरवलं. निरोप घ्यायला गेलो आणि हात पसरले. काका कुंपणाशी हात मागे बांधून उभेच राहिले.

"काका, मिठी?"

"नाही बे," ते म्हणाले. "तुले तं जवळच ठेवायचं आहे."

मी गाडीत बसेपर्यंत रडू आवरलं. त्यांना ते जमलं नाही.