निजलेला उतार

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी मी दिवसभर जमिनीकडे बघत चालायचे आणि मला पगार मिळायचा तो त्याचाच. खांदेश्वरला भाड्याची एक खोली होती. सकाळी पिशवीत मातीच्या रंगांची पुस्तिका, फूटपट्टी आणि नमुन्यांच्या कापडी थैल्या भरायच्या आणि पनवेलमागच्या टेकड्यांवर जायचं. काम एका सल्लागार कचेरीचं होतं: कुठे कसली माती, किती खोल, आणि तिच्यावर काय पिकतं, याचा नकाशा करायचा. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपेक्षा आपण बऱ्या, असा मला तेव्हा बराच गर्व होता.

मी सोलापूरकडची. आमच्याकडे माती म्हणजे काळी, कंबरभर खोल, एकसारखी, चालत राहा तेवढी. इथे मात्र एका उतरणीवर चार जमिनी भेटायच्या. माथ्यावर उघडा कातळ. त्याखाली तांबूस मातीचा पातळ थर आणि लगेच मुरूम. पायथ्याशी भाताची खाचरं, त्यांची माती राखाडी, चिकट. आणि पार खाली, खाडीच्या बांधाआड, खारी जमीन, जिच्यावर उन्हात मीठ फुलायचं. थंडीतल्या सकाळी धुकं खाचरांत साचून राहायचं आणि टेकड्या अधांतरी असल्यासारख्या दिसायच्या. दूर न्हावा शेवा बंदराच्या क्रेन अर्ध्या बुडालेल्या. मी थांबून बघत राहायचे आणि काम करतोय की स्वप्नात आहोत, ते कळायचं नाही. इतकी सुखी मी पुढे कुठल्याच नोकरीत झाले नाही.

अशाच एका उतारावर मी खड्डा खणत होते. सगळीकडे कमरेएवढं वाळलेलं गवत, मधे कारवीची झुडपं. शेताची खूण कुठेच दिसेना. खालच्या खाचरातून एक बाई वर आली. पन्नाशीची, काष्टा मारलेली, अनवाणी.

"बाय, ऊन चढलं. सावलीला ये," ती म्हणाली.

उतार तिचाच होता आणि खालचं खाचरही. नवरा बंदरावर कामाला जायचा, शेत तिच्याकडे. तिने मला तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी दिली. मी घाटावरची म्हटल्यावर मासळी नीट बघून खा, काटा लागेल म्हणून हसली. मग तिने मला पायांनी माती ओळखायला शिकवलं: डोळे मिटून चाल, टाचेला खरखरलं की मुरूम जवळ, गार लागलं की खाली ओल हाय. मी चपला काढून तिच्यामागे डोळे मिटून चालले. गवताचा वास, पाखरांचा आवाज आणि पायाखाली बदलत जाणारी जमीन. अजूनही झोप लागताना मी कधी कधी त्या उतारावरून चालते.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी फॉर्म भरला. माती: तांबूस, उथळ. वापर: पडीक. तिला विचारावं असं मनातही आलं नाही. गवत माजलेली जमीन म्हणजे पडीक, हे माझ्या वडिलांनी मला शाळेआधीच शिकवलं होतं. आमच्याकडे एक हंगाम नांगर फिरला नाही तरी गाव त्या घराला आळशी म्हणतं.

दोनेक महिन्यांनी नकाशा रंगून आला. पडीक उतारांवर तिरक्या रेघा मारल्या होत्या आणि कोपऱ्यात अर्थ लिहिला होता: भरावाच्या मुरुमासाठी योग्य. खाडीकाठी नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्यांच्या भरावासाठी टेकड्या फोडल्या जायच्या हे मला माहीत होतं. तिच्या उतारावरही रेघा होत्या. दुसऱ्याच दिवशी मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.

पडीक हा शब्दच तिला आधी कळेचना. "परीक? कोन बोल्लं? तो निजलाय. तीन वर्सं दिलं त्यानं, नाचनी, वरी, खुरासनी. आता पाच वर्सं निजंल, मंग उठंल. अजून दोन वर्सं हायेत त्याची." मग माझ्याकडे बघून, "मना इचारायचं तरी, बाय."

मी कचेरीत साहेबांकडे गेले. माझी नोंद चुकली असं सांगून मी माफी मागितली. ते भले गृहस्थ होते, पण त्यांच्या फॉर्मात निजलेल्या जमिनीचा रकाना नव्हता. "पावसाळ्यानंतर फेरतपासणी आहे. उभं पीक दाखव, मी दुरुस्त करतो," ते म्हणाले. मी जवळजवळ धावतच तिला सांगायला गेले, जणू मोठी खुशखबर आणली होती.

ती उताराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे उठवू त्याला."

उन्हाळ्यात तिने गवत आणि कारवी कापून तिथेच जाळली, राब भाजला. पावसात नाचणी लावली. आश्विनात मी साहेबांना घेऊन गेले. नाचणी गुडघ्यालाही लागत नव्हती, कणसं विरळ, मधे मधे पाण्याने पाडलेल्या घळी आणि त्यांच्या तळाशी उघडा पडलेला मुरूम. झोप पुरी न झालेली जमीन पावसाने धुऊन नेली होती. साहेबांनी पीक पाहिलं, पडीक खोडलं आणि शेजारी नाचणी लिहिलं. उतार वाचला. मला वाटलं, आपण सुटलो.

साहेब जीपकडे गेले, तो दुरुस्त कागद हातात घेऊन मी तिला सांगायला खाचराकडे उतरले. वरच्या बांधाला लागून तांबडा गाळ साचला होता. ती तो फावड्याने पाटीत भरत होती. पाटी डोक्यावर घ्यायची, उतार चढायचा, घळीत ओतायची आणि परत यायचं. नोंद दुरुस्त झाली, असं मी सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि खरंच तिला बरं वाटलेलं दिसलं. मला ते सोसवेना. मी पदर खोचला आणि दुसरी पाटी उचलायला वाकले.

तिने माझा हात धरला. रागाने नाही. "नको, बाय. तुजा कागद मळंल."

मी कागद छातीशी धरून बांधावर उभी राहिले. ती पाटी घेऊन वर चढू लागली.