पैलवानाला मुखवटा नव्हता

आमच्या भीमाकाठच्या गावात उडणारा माणूस पहिल्यांदा आला तो दौंडहून, वडिलांच्या डब्याच्या पिशवीतून. वडील रेल्वेत होते. प्रवाशांनी गाडीत टाकून दिलेली हिंदी चित्रकथांची पुस्तकं ते सुट्टीला येताना माझ्यासाठी आणायचे. एखाद्याला मुखपृष्ठ नसायचं, एखाद्यावर भज्यांचं तेल सांडलेलं. मी ओट्यावर बसून ती मराठीत वाचून दाखवायचे, वर पदरची भर घालायचे, आणि अख्खी आळी गोळा व्हायची. काय दिवस होते ते!

त्या गोष्टींत एक ठरलेलं असायचं. आधी लोक त्या वीराला डोक्यावर घेऊन नाचायचे आणि मधेच कधीतरी त्याच्यावर उलटायचे. एका पुस्तकात त्यानं पुरातून चोरालाही बाहेर काढलं, तर लोक म्हणाले, हा चोराला सामील आहे. त्याचा पुतळा पाडला मेल्यांनी. मी इतकी चिडले की वाचता वाचता त्या लोकांना आमच्याकडच्या शिव्या घातल्या.

माझे धाकटे चुलते, आप्पा, त्या दिवशी दाराआड कडबा तोडत ऐकत होते. आप्पा म्हणजे गावचा पैलवान. त्यांच्या खुराकासाठी रोज एका घरून दूध यायचं, तशी पाळीच लावलेली होती. पण त्या वर्षी शेजारगावच्या जत्रेत कुस्ती रंगात आली असताना समोरच्या पोराच्या खांद्यातून कट्टकन आवाज आला आणि आप्पांनी पकड ढिली केली. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. गाव म्हणालं, नुरा खेळला, आधीच ठरवून आला होता. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद. पाणी भरताना बायका काकीशी बोलेनात.

"फुडं काय झालं गं त्याचं?" आप्पांनी आतून विचारलं.

"शेवटची पानं न्हाईत, आप्पा."

"मंग तवर ऱ्हातो कुठं त्यो?"

"मुखवटा काढून हापिसात कारकुनी करतो. कुणी वळखत न्हाई."

"ब्येस हाय त्याचं," आप्पा म्हणाले.

त्यांना ती सोय नव्हती. तालमीत मोडून गोळा झालेले त्यांचे कान दौंडच्या बाजारातसुद्धा लांबून ओळखू यायचे. त्यांनी बाजार सोडला, मग तालीमही सोडली. त्यांनी पुन्हा आखाड्यात उतरावं, एवढंच मला हवं होतं.

पुस्तकातल्या लोकांना चार पानांत आपली चूक कळायची. आमच्या लोकांना वर्ष लागलं, तेही अडलं म्हणून. गावच्या जत्रेत एक बाहेरचा पैलवान शड्डू ठोकत फिरत होता आणि त्याच्या जोडीला कुणी उठेना. तेव्हा चार कारभारी हलगी घेऊन आमच्या दारात आले.

"पैलवान, गावाची लाज राखा."

"आत्ता आठवला व्हय तुमास्नी पैलवान?" काकी कडाडली. मला वाटलं, अजून बोलावं तिनं, चांगली खरडपट्टी काढावी. पण आप्पा आत गेले, खुंटीवरचा लंगोट घेतला आणि निघाले.

मी देवळाच्या कट्ट्यावरून पाहत होते. बराच वेळ नुसती झटापट चालली. मग आप्पांनी ढाकेचा डाव मारला आणि तो गडी आभाळाकडं बघत पडला. असा काही गलका उठला! माणसं गुलाल घेऊन धावली, वर्षभर तोंड फिरवलेलीच सगळी. त्यांना खांद्यावर घ्यायला वाकली, तर आप्पांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या. चालत जाईन. पाय हायेत मला."

गर्दी बाजूला झाली. मातीनं माखलेले आप्पा घराकडं चालत निघाले आणि मी आनंदानं रडत त्यांच्या मागं पळाले. मला वाटलं, माझे आप्पा परत आले.

पुढं दर जत्रेला कारभारी बोलवायला यायचे. आप्पा त्यांना बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि परत पाठवायचे.