शांतम्मा आत्यांची बैठक

आमच्या शांतम्मा आत्या रात्री आडव्या होत नाहीत, हे लग्नाआधीच माझ्या कानावर आलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, तरुणपणीच उदगीरच्या सासरहून परत आलेली. चाकूरच्या घरी देवघरासमोर त्या पाटावर बसत. तळहातावर इष्टलिंग, खांदे किंचित उचललेले, डोळे मिटलेले. उजाडेपर्यंत तशाच. गाव म्हणायचं, बाईनं आपली झोप शिवाला वाहिलीय. दर सोमवारी गल्लीतल्या बायका येऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवत.

मी नांदेडची, बी.एस्सी. झालेली. तरी पहाटे पाण्यासाठी उठले की अंधारातलं ते पांढरं पातळ पाहून माझेही हात आपसूक जुळत.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. साहेबांच्या जिपा धुरळा उडवत यायच्या, दुष्काळी कामांवर दिवसभर खडी फुटायची. दुपारी आभाळ मातीच्या घागरीच्या रंगाचं व्हायचं. झाडं, घरं, माणसं, सगळ्यांच्या कडा पुसल्या जायच्या. सारं गाव दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वप्नात उभं आहे, असं वाटायचं. त्याच उन्हाळ्यात माझी पाच वर्षांची नीलांबिका रात्री उठून बसू लागली.

आधी खोकला, मग छातीत बारीक घुमणं, लांबच्या पारव्यासारखं. मी पाठ चोळायला गेले की मला ढकलून ती अव्वाकडे जायची. आत्यांना ती अव्वा म्हणायची. त्यांच्या शेजारी बसायची, हात गुडघ्यांवर, खांदे वर. आत्या डोळे न उघडता तिला पदरात घ्यायच्या.

एका सोमवारी शेजारच्या धुरपताबाईंनी तिला तशी बसलेली पाहिलं.

"अगं माय! ही तर अव्वाची गादी चालवायलीय!"

लगेच नीलूच्या कपाळाला विभूती लागली, पुढ्यात धुपाटणं आलं. माझ्या सासूबाई, रत्नम्मा, आनंदानं फुलून गेल्या. धुरात नीलू खोकत होती आणि बायका म्हणत होत्या, "तेज हाय ते. एवढ्याशा जिवात मावंना."

मी तिला उचललं आणि माहेरी नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कुणाला दमा आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"नीट विचारून सांगा. नुसता धुळीचा खोकला असेल तर थांबून पाहता येईल. घराण्यात असेल तर मी थांबणार नाही. रोजचं औषध, पंप, सगळं सुरू करावं लागेल."

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई उसळल्या. "दमा? आमच्यात? तुमच्या गोदावरीकाठच्या ओलीचं असंल. आन् पंप लावलेली पोर करून घेईल कोण?"

नीलूचे बाबा म्हणाले, "पाऊस पडू दे, मग पाहू." पाऊस कुठे होता?

मग एका दुपारी मी आत्यांच्या केसांना तेल लावत होते. पुढे वाकले आणि माझा कान त्यांच्या पाठीला लागला. आत पारवा घुमत होता. अगदी नीलूचाच.

माझा हात थांबला. "आत्या, तुम्हाला आडवं होताच येत नाही का?"

"न्हाई येत. छातीवर जातं ठेवल्यावानी होतं."

"आणि व्रत?"

"ते माझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. सासरच्यांनी दमेकरी म्हणून परत धाडली. धाकट्या बहिणी उजवायच्या राहिल्या होत्या. बाबा म्हणाले, पोरीनं व्रत घेतलंय असं सांगू. मी बसतच होते, लोक पाया पडू लागले." त्यांनी केस सोडवून घेतले. "माझी आई बी चुलीपाशी बसून रात काढायची."

"डॉक्टरांपुढे सांगाल हे?"

त्या अंबाडा बांधू लागल्या. मी काय मागत होते ते मला कळत होतं. परत आलेल्या बाईला गावानं मानाची अशी एवढीच जागा दिली होती.

पुढच्या सोमवारी धुरपताबाई नारळ घेऊन आल्या आणि आत्यांच्या पाया पडून नीलूपुढे वाकल्या. आत्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"पोरीच्या पाया नका पडू, धुरपताबाई. व्रत न्हाई हे, दमा हाय. माझा हाय, माझ्या आईचा हाय. ते धुपाटणं बाहेर न्या."

सासूबाई कुजबुजल्या, "अक्का, नीलूच्या लग्नाचा तरी इचार करा."

"माझं झालंच की लगीन. मला दम्यानं माघारी आणलं न्हाई, रत्ना. लग्नात लपवलं होतं, त्यानं आणलं."

त्याच आठवड्यात आम्ही तिघी नांदेडला निघालो. विष्णुपुरीपाशी धरणाची अर्धवट भिंत धुळीत तरंगताना दिसली. खिडकीशी आत्या, मांडीवर नीलू, दोघींचे खांदे एका लयीत वरखाली होत होते.

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. मी कॉलेजात आनुवंशिकता शिकताना काढलेले वाटाण्यांचे तक्ते आठवत विचारलं, "म्हणजे हे सरळ यांच्या घराण्यातूनच आलं?"

"वाटाण्याइतकं सोपं नसतं ते. रोग उतरत नाही, त्याचा कल उतरतो. थोडा इकडून, थोडा तिकडून. मग धूळ, धूर, सर्दी त्याला जागं करतात." ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला लहानपणी कोपराच्या वळीत खाजरे चट्टे यायचे?"

यायचे. दर हिवाळ्यात. मी बाही खाली ओढली.

"बघा, ते चट्टेही याच कलाची खूण. थोडं तुमच्याकडूनही असेल."

पंप दोघींना मिळाले. नीलूनं अव्वाला शिकवलं, श्वास कसा धरायचा ते.

या गोष्टीला आता काही महिने झाले. पाऊस अजून नाही. घर निजलंय, मी दिव्याखाली लिहितेय आणि मधेच लेखणी थांबवून आतल्या खोलीतले दोन श्वास ऐकतेय. ही सवय बहुधा जन्मभर जाणार नाही.

पण एक दुपार आठवली की जीव निवतो. आत्यांनी सतरंजी अंथरली आणि हळूच, पाण्यात उतरावं तशा, आडव्या झाल्या. आमच्यात माणूस गेलं की बसवूनच पुरतात. त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "मेल्यावर बसायचंच हाय की. जित्तेपणी जरा पडून बघते." आणि झोपल्या.

तेवढ्यात धुरपताबाई नारळ घेऊन दारात. नीलूनं ओठांवर बोट ठेवलं. "अव्वा झोपलीय."

धुरपताबाई घोटाळल्या. "मंग पाया पडू का नको?"

नीलूनं विचार केला. "पडा. पण हळू."